प्लॅन २०० चा, तरी मीटिंग का अडकते? घरच्या वायफायचे दुखणे नेमके कुठे असते?

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू दोनदा तुटला. पहिल्यांदा तिचा चेहरा स्क्रीनवर गोठला. दुसऱ्यांदा आवाज असा तुटक यायला लागला, की समोरच्या बाई तीन वेळा 'हॅलो, हॅलो' करून थांबल्या. बाई समजूतदार होत्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा घेऊ, म्हणाल्या.

बाबांनी त्याच संध्याकाळी इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडून सल्ला आला, 'सर, प्लॅन अपग्रेड करा.' १०० एमबीपीएसचा प्लॅन लगेच २०० चा झाला, बिल वाढले. बहिणीच्या खोलीत स्पीड टेस्ट लावली. आधी २२ येत होते, आता २४ आले.

'तू इंजिनीअर ना गं? मग बघ की जरा,' आई म्हणाली. इलेक्ट्रॉनिक्समध्ये चार वर्षे काढून बातम्या लिहिणाऱ्या मुलीला हे कधी तरी ऐकावे लागणारच होते. हातात चार दिवस होते.

आमचे घर डोंबिवलीतले, दोन बेडरूमचे. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, कारण फायबरची वायर तिथल्या खिडकीतून आत आली. बहिणीची खोली दुसऱ्या टोकाला. बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने हेच चित्र असते, म्हणून या चार दिवसांत जे केले ते सविस्तर सांगते.

आधी दोष कोणाचा ते ठरवा

घरातले इंटरनेट दोन टप्प्यांत येते. कंपनीपासून राउटरपर्यंत वायरीतून आणि राउटरपासून तुमच्या फोनपर्यंत हवेतून. प्लॅनचे पैसे पहिल्या टप्प्याचे असतात. दुसरा टप्पा सर्वस्वी तुमच्या घरातला, तुमच्या भिंतींचा आणि तुमच्या शेजाऱ्यांचा. 'नेट स्लो आहे' म्हणताना आपण दोन्ही एकत्र करतो आणि तिथेच घोटाळा होतो.

म्हणून एकच चाचणी तीन ठिकाणी करा. लॅपटॉप असेल तर राउटरला लॅन केबलने जोडून पहिली. मग फोन घेऊन राउटरपासून दोन पावलांवर उभे राहून दुसरी. आणि जिथे त्रास होतो त्या खोलीत तिसरी. आमच्याकडे आकडे आले १९६, ९० आणि २४. म्हणजे कंपनी दिलेला शब्द पाळत होती. स्पीड घरातच सांडत होता, आणि बाबांनी वाढवून घेतलेल्या प्लॅनचा बहिणीच्या खोलीशी काहीही संबंध नव्हता.

केबलवरच आकडा कमी आला, तर दोष कंपनीचा किंवा वायरीचा. आकडा बरोबर ९० ते ९५ वर अडकत असेल तर थांबा. जुन्या किंवा स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असते. त्यावर २०० चा प्लॅन घेतला, तरी उरलेले १०० दारातूनच परत जातात. केबलच्या आतल्या आठ तारांपैकी एखादी तुटली किंवा क्लिपमध्ये नीट बसली नसली, तरी हेच होते. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागलेला असेल तर मात्र सेटिंगच्या वाटेला जाऊच नका. प्रकाशाचा सिग्नलच येत नसल्याची ती खूण. थेट तक्रार करा.

जाता जाता आणखी एक. प्लॅनमधले एमबीपीएस म्हणजे मेगाबिट आणि फाइल डाउनलोड होताना दिसते ते मेगाबाइट. एका बाइटमध्ये आठ बिट. १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साधारण १२ एमबीने उतरत असेल, तर कोणी फसवलेले नाही.

२.४ की ५? आणि हे '५जी' मोबाइलचे नव्हे

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. वायफायच्या नावापुढे '५जी' लिहिलेले दिसते ते या ५ गिगाहर्ट्झचे. मोबाइल टॉवरच्या फाइव्हजीशी त्याचे नाते नाही. जुना फोन फाइव्हजी नसला तरी तो या वायफायवर चालू शकतो.

२.४ च्या लहरी भिंतींतून बऱ्या जातात, लांब पोहोचतात. पण पट्टा अरुंद आहे आणि त्यावर गर्दी आहे. ब्लूटूथ, वायरलेस माउस, स्मार्ट बल्ब, इमारतीतले सगळे राउटर, आणि चालू असेपर्यंत मायक्रोवेव्ह ओव्हनही. त्याच्या लहरी याच टापूत असतात आणि दारातून थोड्या बाहेर झिरपतात. स्वयंपाकघरात कोणी जेवण गरम करताना कॉल अडखळतो, तो भास नसतो.

५ गिगाहर्ट्झचा रस्ता बराच रुंद. २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग वायफायसाठी परवानामुक्त केला, तेव्हापासून आपल्याकडे तो आणखी मोकळा झाला. वेग कितीतरी जास्त, पण भिंतींपुढे दम लवकर तुटतो. विटांच्या एक-दोन भिंती चालतात. आरसीसीचा खांब, पुण्यातल्या जुन्या वाड्याची दगडी भिंत किंवा कोकणातला चिरा आला की सिग्नल झपाट्याने पडतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, फिश टँक हेही अडथळेच.

आमचा फोन हॉलमध्ये राउटरजवळ असूनही २.४ वर बसला होता. म्हणून तिथे १९६ ऐवजी ९० च. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव होते आणि कुठे चिकटायचे हे फोन ठरवत होता. राउटरमध्ये 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टीअरिंग' नावाचे सेटिंग असते, ते हे एकत्रीकरण करते. चांगल्या राउटरमध्ये ते नीट चालते, साध्या राउटरमध्ये फोन वर-खाली करत राहतो आणि त्या बदलात कॉल तुटतो. मी ते बंद केले आणि दोन वेगळी नावे दिली. लॅपटॉप, टीव्ही आणि फोन ५ वर, गीझरचा स्मार्ट प्लग आणि बल्ब २.४ वर. अशी छोटी उपकरणे बहुतेक वेळा फक्त २.४ च ओळखतात. त्यामुळे तो पट्टा पूर्ण बंद करू नका, नाहीतर रात्री दिवा फोनवरून लागणार नाही आणि शिव्या मला पडतील.

राउटरच्या आत शिरायचे कसे?

फोन वायफायला जोडा. अँड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या तपशिलात 'गेटवे' आणि आयफोनमध्ये 'राउटर' असे लिहून पुढे चार आकड्यांचा पत्ता असतो. बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाइप केला, की लॉगिनचे पान उघडते. नाव आणि पासवर्ड राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतात. कंपनीने बदलले असतील तर तंत्रज्ञाला विचारा, सहसा सांगतात. आत गेल्यावर काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. आणि 'वॅन', 'पीपीपीओई' किंवा 'व्हीलॅन' लिहिलेल्या पानाला हात लावू नका. ते कंपनीशी जोडणीचे असते, चुकले तर नेटच जाईल. आपले काम फक्त 'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन' या पानावर.

चॅनेल: शेजाऱ्यांशी अदृश्य भांडण

अँड्रॉइडवर वायफाय तपासणारी मोफत अ‍ॅप्स मिळतात. आयफोन अशा अ‍ॅपना आसपासची नेटवर्क पाहू देत नाही, म्हणून घरात एक अँड्रॉइड शोधा. अ‍ॅप उघडले की डोंगररांगेसारखा आलेख दिसतो. प्रत्येक डोंगर म्हणजे एक राउटर. आमच्या घरात मी मोजले तेव्हा २.४ वर २७ होते. वरचा मजला, खालचा मजला, समोरची विंग, सगळे आमच्या हॉलमध्ये हजर.

या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनेल आहेत. पण ती एकमेकांना इतकी चिकटून आहेत, की एका राउटरचे बोलणे साधारण चार चॅनेलांची जागा व्यापते. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी तीनच उरतात: १, ६ आणि ११. आमचा राउटर ३ वर होता.

ही जागा सर्वांत वाईट. याचे कारण वायफायच्या स्वभावात आहे. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचे बोलणे ऐकू शकतात आणि सभ्यपणे थांबून आपापली पाळी घेतात. अर्धवट एकमेकांवर चढलेल्या चॅनेलवर समोरचा काय बोलतो ते कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. पाठवलेले पॅकेट त्यात खराब होते, मग पुन्हा पाठवा, पुन्हा पाठवा. ३ वर बसलेला राउटर १ वाल्यांचाही त्रास घेतो आणि ६ वाल्यांचाही, आणि दोघांना देतोही. म्हणून १, ६, ११ पैकी जिथे उंच डोंगर कमी असतील ते निवडा. तिन्ही भरलेली असली तरी मधले ४ किंवा ८ घेऊ नका.

'ऑटो' ठेवले तर? बरेच साधे राउटर फक्त सुरू होताना चॅनेल निवडतात आणि मग महिनोन्महिने तिथेच बसतात. 'राउटर बंद करून चालू केला की दोन दिवस बरे चालते' या अनुभवामागे अनेकदा हेच असते. रिस्टार्ट झाल्यावर त्याला मोकळी जागा मिळालेली असते.

शेजारीच 'चॅनेल विड्थ' असते. २.४ साठी ती २० मेगाहर्ट्झ करा. ४० वर कागदावर वेग दुप्पट दिसतो, पण अर्ध्याहून जास्त पट्टा एकटाच अडवून तुम्ही वस्तीभरचा गोंगाट अंगावर घेता. ५ गिगाहर्ट्झवर ८० ठीक. सिग्नल अशक्त असलेल्या खोलीत ४० वर जोडणी जास्त टिकाऊ मिळते, वेग थोडा कमी झाला तरी.

५ वर चॅनेल निवडताना एक खाच आहे. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारही चालतात आणि त्यांना पहिला मान. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला ते चॅनेल तात्काळ सोडावे लागते, आणि तिथल्या दुसऱ्या चॅनेलवर बोलण्याआधी किमान एक मिनिट ऐकत बसावे लागते. '५जी वालं वायफाय मधेच गायब होतं' अशी तक्रार असेल तर चॅनेल ३६ किंवा १४९ करून पाहा.

हे सगळे केल्यावर, आणि लांब लॅन केबल आणून राउटर टीव्हीमागून पॅसेजमधल्या माळ्याखाली उंचावर हलवल्यावर, बहिणीच्या खोलीत आकडा आला १३०. आमच्याकडे फायबरचा डबा आणि राउटर वेगळे आहेत म्हणून हे सोपे गेले. एकच डबा असेल तर बारीक पिवळी किंवा पांढरी फायबर वायर स्वतः ओढू-वाकवू नका, आत काच असते. आणि दोन डबे असतील तर दोघांचेही वायफाय चालू नाही ना, हे पाहा. कित्येक घरांत कंपनीचा डबा आणि विकत आणलेला राउटर शेजारी शेजारी बसून एकमेकांवरच ओरडत असतात. कंपनीच्या डब्याचे वायफाय बंद करा.

मंगळवारी रात्री मी विजयी मुद्रेने झोपले.

स्पीड १३०, तरी कॉल तुटला

बुधवारी बहिणीने मैत्रिणीबरोबर सरावाचा कॉल लावला. वीस मिनिटे उत्तम, मग पुन्हा तुटक आवाज. स्पीड टेस्ट केली तर १०० च्या वर. हे कोडे मला दिवसभर पुरले, आणि माझ्या मते घरच्या वायफायमधली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे.

व्हिडिओ कॉलला वेग फार लागत नाही. तीन-चार एमबीपीएस पुष्कळ झाले. त्याला लागते ती वेळेची शिस्त, म्हणजे पॅकेट गेले आणि उत्तर आले यातला वेळ कमी आणि सारखा राहणे. याला लेटन्सी किंवा पिंग म्हणतात आणि ते मिलिसेकंदात मोजतात. फास्ट डॉट कॉमवर चाचणी करून जास्त माहितीचे बटण दाबले, की लेटन्सीचे दोन आकडे दिसतात. एक लाइन मोकळी असतानाचा, एक लाइन भरलेली असतानाचा. आमचा पहिला होता ८. दुसरा ४६०.

म्हणजे घरातले कोणी लाइन भरून टाकली, की आवाजाचे प्रत्येक पॅकेट जवळपास अर्धा सेकंद रांगेत उभे. कोण भरत होते? बाबा. त्यांनी नुकताच नवीन फोन घेतला होता आणि जुन्या फोनमधले चारधाम यात्रेचे सगळे व्हिडिओ रोज संध्याकाळी क्लाउडवर चढत होते. आमच्या प्लॅनमध्ये डाउनलोड २०० असला तरी अपलोड २० च आहे. काही कंपन्या दोन्ही सारखे देतात, काही नाही. बिलावर किंवा अ‍ॅपमध्ये बघून घ्या, कारण जाहिरातीत फक्त मोठा आकडा असतो. ही २० ची गल्ली यात्रेच्या व्हिडिओंनी तुंबली होती आणि बहिणीचा आवाज त्यांच्यामागे उभा होता. घरात क्लाउडवर चढवणारा सीसीटीव्ही कॅमेरा असेल तर हेच दिवसरात्र चालते.

यावर राउटरमधले औषध म्हणजे 'क्यूओएस'. त्यात अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्के टाकायची. आम्ही २० ऐवजी १७ टाकले. उलटे वाटेल, पण वेग थोडा कमी केल्याने रांग कंपनीच्या डब्यात न साठता राउटरच्या ताब्यात राहते, आणि कोणाला आधी सोडायचे हे तो ठरवू शकतो. मग बहिणीच्या लॅपटॉपला वरची पसंती दिली. भरलेल्या लाइनची लेटन्सी ४६० वरून ४५ वर आली. स्पीड टेस्टचा मोठा आकडा मात्र जागचा हलला नाही. म्हणूनच त्या आकड्यावर जीव टाकणारे हे दुखणे कधी शोधत नाहीत.

सगळ्या राउटरमध्ये क्यूओएस नसते, काहींत नुसते नावाला असते. ते नसेल तर कॉलच्या वेळेत बॅकअप थांबवणे हाच उपाय. बाबांना तसे सांगितले तर म्हणाले, 'मग केदारनाथचं राहील ना!' ते रात्री अकरानंतर चढले.

ज्यावर वेळ घालवू नये

'ट्रान्समिट पॉवर' वाढवून फार काही होत नाही. राउटर मोठ्याने बोलला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो, आणि बोलणे दोन्हीकडून ऐकू यावे लागते. अँटेनाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावण्याचे व्हिडिओ मजेसाठी बघा. डीएनएस बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकल्याने वेबसाइट उघडायला सुरुवात थोडी लवकर होऊ शकते, डाउनलोडचा वेग वाढत नाही.

सिक्युरिटीचे सेटिंग मात्र वेगाशीही जोडलेले आहे. जुन्या राउटरवर 'डब्ल्यूईपी' किंवा 'टीकेआयपी' निवडलेले असेल तर वायफाय ५४ एमबीपीएसच्या जुन्या मर्यादेत अडकते. 'डब्ल्यूपीए२-एईएस' किंवा 'डब्ल्यूपीए३' ठेवा, 'डब्ल्यूपीएस' बंद करा. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा, म्हणजे मूळ पासवर्ड सोसायटीभर फिरणार नाही.

घर मोठे असेल, दोन मजली असेल, तर सेटिंग एका मर्यादेपुढे कामाचे नाही. स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय तो लोक नेमका सिग्नल नसलेल्या खोलीतच लावतात. तिथे त्यालाच काही ऐकू येत नाही. तो अर्ध्या वाटेवर लावावा. भिंतीतून लॅन केबल नेऊन दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये लावणे कधीही चांगले. काम दिसायला जरा गावठी, पण मेशच्या महागड्या जोडीपेक्षा अनेकदा सरस.

आणि केबलवरच वेग मिळत नसेल तर वेगवेगळ्या वेळी केलेल्या चाचण्यांचे स्क्रीनशॉट जमवून कंपनीकडे तक्रार करा, तक्रार क्रमांक मागून घ्या. दाद मिळाली नाही तर त्याच क्रमांकासह कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. 'ट्राय' ग्राहकांच्या वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे अनेकांना उशिरा कळते.

शुक्रवारी बहिणीचा इंटरव्ह्यू ५० मिनिटे चालला. आईने मायक्रोवेव्हला हात लावला नाही, बाबांनी फोन विमान मोडवर टाकला. दोन्हीची गरज नव्हती, पण मी काही बोलले नाही. निकाल अजून यायचा आहे. कस्टमर केअरला मात्र दुसऱ्याच दिवशी फोन केला. पुढच्या महिन्यापासून आमचा प्लॅन पुन्हा १०० चा.